पाच जण, चार रात्री, सिंगापूर: नौपाड्यातील एका कुटुंबाची हॉटेलनिवड

कुटुंब ठाण्याच्या नौपाड्यातले. नवरा-बायको दोघेही नोकरीत, मुलगी १५ वर्षांची, मुलगा ९ वर्षांचा, आणि ७२ वर्षांच्या आजी, ज्यांच्या उजव्या गुडघ्याचे प्रत्यारोपण झाले आहे. भाऊबीज आटोपली की गुरुवारी रात्री निघायचे आणि मंगळवारी रात्री परत यायचे. शहर ठरलेले होते, सिंगापूर. राहण्यासाठी ४ लाख रुपये बाजूला काढले होते आणि हॉटेल उत्तमच हवे होते, कारण आजींचा हा पहिला परदेश प्रवास. या प्रकरणातील दर हिशेबाच्या सोयीसाठी पूर्णांकात घेतले आहेत आणि एक सिंगापूर डॉलर ७० रुपयांचा धरला आहे. प्रत्यक्ष आकडे तारखेनुसार बदलतात, हिशेबाची रीत बदलत नाही.

पहिली यादी बहुतेक घरांत जशी होते तशीच झाली. वडिलांना फुलर्टन हवे होते. ही १९२८ची इमारत एकेकाळी तिथले मुख्य टपाल कार्यालय होती. आईच्या मनात रॅफल्स होते, १८८७पासूनचे. तिथल्या सगळ्या ११५ खोल्या स्वीट, म्हणजे बैठकीची जागा वेगळी असलेल्या. मुलीला मरीना बे सँड्सशिवाय दुसरे काही नकोच होते. तीन मनोऱ्यांच्या माथ्यावर, ५७व्या मजल्यावर, सुमारे दीडशे मीटर लांबीचा पोहण्याचा तलाव आहे. "बाबा, तिकीट काढून फक्त गच्ची बघता येते. पूल तिथे राहणाऱ्यांनाच," असे तिने पहिल्याच दिवशी सांगितले, आणि ते बरोबर होते. आजींची मागणी एकच होती: बाथरूममध्ये पाय उचलून टबात चढावे लागू नये.

आजींची ही मागणी यादीत सर्वांत खाली लिहिली गेली होती. आमच्या मते ती सर्वांत वर हवी होती. टबाची कड साधारण अर्धा मीटर उंच असते, आतला तळ गुळगुळीत असतो, आणि शॉवर टबावरच बसवलेला असेल तर रोज सकाळी ती चढाई अटळ ठरते. प्रत्यारोपण झालेल्या गुडघ्यासाठी हा सगळ्या सहलीतला सर्वांत धोक्याचा क्षण. तारांकित दर्जातून ही गोष्ट कळत नाही. एकाच हॉटेलात एका प्रकारच्या खोलीत वेगळा काचेचा शॉवर असतो आणि दुसऱ्या प्रकारात तो टबावर असतो. म्हणून हॉटेल निवडून मग मिळेल ती खोली घेण्यापेक्षा आधी खोली कशी हवी ते लिहावे आणि अशी खोली कुणाकडे आहे ते शोधावे. या कुटुंबाने उशिरा का होईना, पण हीच दिशा धरली.

पाच माणसे एका खोलीत मावत नाहीत

सिंगापूरच्या बहुतेक चांगल्या हॉटेलांत एका खोलीत तीन प्रौढ, किंवा दोन प्रौढ आणि दोन लहान मुले चालतात. 'लहान' म्हणजे बहुधा १२ वर्षांखालची. १५ वर्षांची मुलगी त्यांच्या लेखी प्रौढच. म्हणजे हे कुटुंब चार प्रौढ आणि एक मूल. बुकिंग करताना मुलीचे वय टाकले नाही तर संगणक स्वस्त दर दाखवतो आणि काउंटरवर पासपोर्ट पाहिल्यावर फरक मागितला जातो, किंवा सरळ दुसरी खोली घ्यायला सांगतात. रात्रभराच्या प्रवासानंतर तिथे वाद घालण्याचे त्राण कुणातच नसते.

वडिलांनी आधी एक मोठा स्वीट पाहिला. १,३०० डॉलर रोज, वर कर. पण त्यात चारच जणांना परवानगी होती, पाचव्यासाठी जादा पलंग लागणार होता, आणि बाथरूम एकच. सकाळी आठला पाच माणसांना तयार व्हायचे असेल तर दोन बाथरूम ही चैन राहत नाही. दोन खोल्या आणि मधे दार, हाच योग्य पर्याय होता.

या मधल्या दाराबाबत मोठी गफलत होते. शेजारच्या खोल्या म्हणजे फक्त एका रांगेतल्या. समोरासमोरच्या खोल्यांनाही काही वेळा तेच नाव दिले जाते. आतून दार असलेल्या खोल्यांना 'कनेक्टिंग' म्हणतात, आणि नेमका हाच शब्द पत्रात असावा लागतो. बुकिंगच्या पानावरच्या चौकटीत खूण केली की ती विनंती नोंदवली जाते, तिची हमी मिळत नाही. अशा जोड्या प्रत्येक हॉटेलात मोजक्याच असतात आणि अनेकदा एक डबल बेडची व एक दोन पलंगांची अशी त्यांची रचना असते. हिल्टन समूहाने २०२१पासून अशा खोल्या बुकिंगच्या वेळीच पक्क्या करण्याची सोय दिली. इतरत्र ते आरक्षण विभागाकडून ईमेलवर लिहून घ्यावे लागते. दोन्ही खोल्या एकाच खात्यातून, एकाच प्रकारच्या दराने आणि शक्यतो थेट हॉटेलकडे घ्याव्यात. एक खोली या संकेतस्थळावर आणि दुसरी त्या संकेतस्थळावर २० डॉलर स्वस्त मिळाली म्हणून घेतली की दोन्ही बुकिंगांचा एकमेकांशी संबंध तुटतो.

खोलीचे क्षेत्रफळ चौरस मीटरमध्ये दिलेले असते. त्याला १०.७६ने गुणले की चौरस फूट निघतात. ३२ चौरस मीटर म्हणजे ३४४ चौरस फूट. ठाण्यात घर शोधलेल्या माणसाला कार्पेट एरियाचा अंदाज असतोच, त्यामुळे हा आकडा वाचला की फोटो पाहायची फारशी गरज उरत नाही. फोटो रुंद भिंगाने काढलेले असतात. बाथरूमसाठी मात्र पाहुण्यांनी टाकलेले, गेल्या तीन-चार महिन्यांतले फोटो जरूर पाहावेत. टब, शॉवर, कमोडशेजारचा हँडशॉवर, पकडायची दांडी हे सगळे तिथेच दिसते.

शुक्रवारची सकाळ

या प्रकरणाचा निर्णय जिथे खऱ्या अर्थाने फिरला ते ठिकाण म्हणजे पोहोचण्याची वेळ.

विमान रात्री साडेअकराचे. तीन तास आधी पोहोचायचे, म्हणजे नौपाड्यातून सातला गाडी काढायची. उड्डाण सुमारे साडेपाच तासांचे आणि सिंगापूरचे घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास पुढे. म्हणजे चांगीवर उतरायचे ते तिथल्या साडेसातला. पारपत्र तपासणी, सामान, गाडी हे धरून हॉटेलच्या दारात सव्वानऊ. घरातून निघाल्यापासून पावणेबारा तास झालेले, झोप तुटक. आणि खोली मिळणार दुपारी तीनला.

मधले पावणेसहा तास तरुण जोडपे सामान ठेवून भटकण्यात घालवते. ७२ वर्षांच्या माणसाला सोफ्यावर बसवून ठेवले तर पाय सुजतात, आणि त्याची भरपाई करण्यात दुसरा दिवसही जातो. चार रात्रींच्या सहलीतला दिवस असा जाणे फार महाग पडते. 'अर्ली चेक-इन'ची विनंती करता येते. आदल्या रात्री खोली रिकामी असेल तर ती फुकटही मिळते. पण दिवाळीच्या सुट्टीत, शुक्रवारी सकाळी, यावर विसंबणे आम्हाला मान्य नाही.

पर्याय दोन होते. दिवसाच्या विमानाने जाणे, ज्यात ऑफिसची एक रजा वाढत होती. किंवा गुरुवारची रात्र विकत घेणे. कुटुंबाने दुसरा पर्याय निवडला, पण दोन्ही खोल्यांसाठी पैसे भरले नाहीत. गुरुवारपासून फक्त आजींची खोली घेतली. सकाळी पाचही जण तिथेच हात-पाय धुऊन टेकतील, आजी झोपतील, आणि दुसरी खोली तीनला मिळेल. शिवाय गुरुवारच्या दरात दोघांची शुक्रवार सकाळची न्याहारी आलीच. ती बहुधा साडेदहापर्यंत असते, म्हणजे सव्वानऊला पोहोचून ती वायाही जात नाही.

अशा बुकिंगमध्ये एक चूक वारंवार होते. हॉटेलला कळवले नाही तर पाहुणा रात्री आला नाही असे धरून पहाटेच्या हिशेबात बुकिंग 'नो-शो' होते. मग खोली दुसऱ्याला जाऊ शकते आणि पुढच्या सगळ्या रात्रीही धोक्यात येतात. म्हणून विमानाचा क्रमांक आणि 'शुक्रवारी सकाळी सव्वानऊला येत आहोत, खोली गुरुवारपासून राखून ठेवा' हे वाक्य आधी पाठवून त्याचे उत्तर छापून जवळ ठेवावे. या खोलीवर आजींबरोबर वडिलांचेही नाव घातले, कारण काउंटरवर बोलणार तेच होते.

जागा: कुठून कुठे जायचे आहे?

आजी शाकाहारी, आणि दोन्ही वेळचे जेवण हॉटेलात घेणे परवडणारे नव्हते. म्हणजे दिवसातून एकदा तरी लिटिल इंडिया. तिथे सेरंगून रस्त्यावर १९४७पासून चालू असलेले कोमल विलास आहे, इडली-डोशापासून थाळीपर्यंत. जागा निवडताना नकाशावर पर्यटनस्थळांपासूनची अंतरे मोजली जातात. रोजच्या जेवणापासूनचे अंतर कुणी मोजत नाही.

फुलर्टनजवळचे मेट्रो स्थानक रॅफल्स प्लेस. तिथून लिटिल इंडियाला जाताना धोबी घाट स्थानकात गाडी बदलावी लागते. हे नाव तिथे कपडे धुणाऱ्या आपल्याकडच्या धोब्यांवरूनच पडले आहे, पण आजींच्या दृष्टीने महत्त्वाचे हे की गाडी बदलताना स्थानकाच्या आत बरेच चालावे लागते. उलट, डाउनटाउन मार्गावरच्या प्रोमेनाड स्थानकातून लिटिल इंडिया थेट तिसरे स्थानक, आणि मरीना बे सँड्सच्या बेफ्रंट स्थानकातून चौथे. या एका कारणाने प्रोमेनाडच्या आसपासचे हॉटेल शोधायचे ठरले. फुलर्टनच्या बाबतीत आणखी एक गोष्ट शिकण्यासारखी आहे. तिथल्या 'कोर्टयार्ड' नावाच्या खोल्या इमारतीच्या आतल्या छत असलेल्या चौकाकडे उघडतात. म्हणजे नावातच दिशा सांगितलेली असते. 'सिटी', 'कोर्टयार्ड', 'पार्शियल बे' हे शब्द शोभेचे नसतात, ते वाचून मगच दर पाहावा.

रॅफल्स सुंदर आहे, पण दोन स्वीट घेणे या रकमेत शक्य नव्हते. तो विषय तिथेच संपला.

खाडीच्या देखाव्यासाठी जादा पैसे द्यावेत का? या कुटुंबाने दिले नाहीत आणि आम्हाला ते पटते. गार्डन्स बाय द बेमधला दिव्यांचा खेळ रोज पावणेआठ आणि पावणेनऊला खालीच फुकट पाहता येतो. प्रोमेनाडच्या बाजूने २८० मीटरच्या हेलिक्स पुलावरून चालत गेले की सगळी खाडी समोर येते. खोलीत तुम्ही दहा तास असता, त्यातले सात झोपेत.

तलावाचा प्रश्न

राहिली मुलीची मागणी. चारही रात्री तलावाच्या हॉटेलात दोन खोल्या घेतल्या तर ७५० डॉलर दराने रक्कम ५ लाखांवर जात होती. मग सगळ्यांनी तीन रात्री एकीकडे आणि शेवटची रात्र तिकडे, असा विचार पुढे आला. असे विभागून राहणे कागदावर छान दिसते. प्रत्यक्षात सकाळी ११ला एक खोली सोडायची, तीनला दुसरी मिळायची, पाच बॅगा बांधायच्या-उघडायच्या, आणि आजींना नव्या बाथरूमची नव्याने सवय करायची. चारातला अर्धा दिवस त्यात संपतो.

शेवटी आईला जे सुचले ते आम्हाला या साऱ्या प्रकरणातले सर्वांत शहाणपणाचे वाटते. सोमवारी रात्री फक्त आई आणि मुलगी एक लहान बॅग घेऊन तिकडे जातील. प्रोमेनाडहून बेफ्रंट एकच स्थानक. आजी, वडील आणि मुलगा जुन्याच खोलीत राहतील, दुसरी खोली त्या दिवशी सोडून द्यायची. सामान हलवायचे नाही, आजींना हलवायचे नाही, आणि ज्यांना तो तलाव हवा होता त्यांना तो पूर्ण मिळेल. मुलाला तलावाचे वेड नव्हते. त्याला विमाने बघायची होती.

इथे हवामानाचा हिशेब घालावा लागतो. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये सिंगापुरात दुपारी गडगडाटी पाऊस नेहमीचा, आणि विजेचा इशारा आला की उघड्यावरचे तलाव रिकामे करतात. एकाच दुपारच्या भरवशावर पैसे घालवू नयेत. सोमवारी संध्याकाळ आणि मंगळवारी सकाळ अशा दोन संधी ठेवल्याने धोका बराच कमी झाला. सकाळची वेळ त्यातल्या त्यात खात्रीची.

हिशेब

सिंगापूरच्या दरामागे दोन अधिकचिन्हे असतात, '४८०++' अशी. पहिले अधिक म्हणजे १० टक्के सेवाशुल्क. दुसरे म्हणजे जीएसटी, जो १ जानेवारी २०२४पासून ९ टक्के आहे आणि सेवाशुल्क धरलेल्या रकमेवर लागतो. म्हणून १९ टक्के मिळवून चालत नाही, १.१९९ने गुणावे लागते. ४८०चे ५७५.५२ होतात, ७५०चे ८९९.२५ आणि १,३००चे १,५५८.७०. काही संकेतस्थळे कर धरून दर दाखवतात, काही शेवटच्या पानावर. तुलना करताना सगळे दर आधी एकाच पातळीवर आणावेत.

प्रोमेनाडजवळच्या हॉटेलचा दर ४८० होता, न्याहारीसह. आजींच्या खोलीच्या पाच रात्री २,८७७.६० डॉलर, दुसऱ्या खोलीच्या तीन रात्री १,७२६.५६, तलावाची एक रात्र ८९९.२५. एकूण ५,५०३.४१ डॉलर, म्हणजे ३,८५,२३९ रुपये. चारही रात्री तलावाच्या हॉटेलात दोन खोल्या घेतल्या असत्या तर ५,०३,५८० झाले असते, आणि शुक्रवारची सकाळ तरीही सोफ्यावरच गेली असती.

पण बिल कार्डाने भरायचे. आपल्याकडच्या अनेक क्रेडिट कार्डांवर परकीय चलनासाठी साडेतीन टक्के आकार आणि त्या आकारावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ४.१३ टक्के लागतात. तसे केले असते तर रक्कम ४,०१,१४९ होऊन ठरवलेली मर्यादा ओलांडली असती. आईच्या कार्डावर हा आकार २ टक्के होता, करासह २.३६. त्या कार्डाने बेरीज ३,९४,३३१ राहिली. काउंटरवर यंत्र 'रुपयांत भरायचे का?' असे विचारते. नाही म्हणावे आणि सिंगापूर डॉलरच निवडावेत, नाहीतर रूपांतराचा दर ते यंत्र ठरवते.

चेक-इनच्या वेळी हॉटेल अनामत म्हणून कार्डावर काही रक्कम अडकवते, बहुधा प्रत्येक रात्रीमागे. ती क्रेडिट कार्डावरच द्यावी. प्रवासी फॉरेक्स कार्ड दिले तर तुमचेच खर्चाचे पैसे अडकतात आणि सुटायला कधी कधी दोन-तीन आठवडे जातात, म्हणजे घरी परतल्यानंतर.

पर्यटन कंपनीकडून घ्यावे का, हा प्रश्नही आला. विमान तिकीट, निवास आणि इतर खर्च यांपैकी किमान दोन गोष्टी एकत्र घेतल्या की ते परदेश सहल पॅकेज ठरते आणि त्यावर टीसीएस, म्हणजे विक्रेत्याने आधीच गोळा करायचा आयकर, वसूल होतो. नुसत्या निवासाला ते लागू नाही. टीसीएस पॅनवर जमा होतो आणि विवरणपत्रात वळता करता येतो, पण तोपर्यंत पैसे अडकतात. त्याचे दर वेगवेगळ्या अर्थसंकल्पांत बदलत आले आहेत, तेव्हा बुकिंगच्या दिवशीचा दर विचारावा.

हॉटेलला पाठवलेले पत्र

पत्र छोटे होते आणि प्रश्नांना क्रमांक होते, म्हणजे उत्तर टाळता येत नाही. एक, आतून दार असलेल्या दोन खोल्या, एक डबल बेडची, एक दोन पलंगांची, लेखी पक्क्या कराल का? दोन, दोन पलंगांच्या खोलीत जमिनीलगतचा, पायरी नसलेला शॉवर आणि पकडायला दांडी आहे का? तीन, कमोडशेजारी हँडशॉवर आहे का? चार, नऊ वर्षांच्या मुलाची न्याहारी दरात धरता येईल का, आणि सोमवारी रात्री जादा पलंग? पाच, तुमच्या इमारतीत किंवा लगत बांधकाम चालू आहे का, असल्यास कोणत्या बाजूला? सहा, मंगळवारी दोनपर्यंत खोली ठेवता येईल का?

पहिली, दुसरी, चौथी आणि सहावी मागणी मान्य झाली. हँडशॉवर नव्हता. पाचव्या प्रश्नाचे उत्तर आले की एका बाजूला दिवसा काम चालू आहे. लगेच उलट बाजूची खोली मागितली आणि मिळाली. विचारले नसते तर शुक्रवारी सकाळी आजी जिथे झोपणार होत्या तिथेच ड्रिलचा आवाज आला असता.

क्लब लाउंजचा प्रस्तावही त्याच पत्रातून आला, खोलीमागे रोज ९० डॉलर जादा. न्याहारी, दुपारचा चहा, संध्याकाळी मद्य आणि खाणे. या घरात मद्य कुणी घेत नाही, न्याहारी दरात आहेच, आणि संध्याकाळच्या वेळात अनेक लाउंज लहान मुलांना आत घेत नाहीत. नाकारला.

बुकिंग रद्द करता येण्याजोग्या दरानेच केले. रद्द न होणारा दर स्वस्त होता, पण भारतीय पारपत्रावर सिंगापूरचा व्हिसा लागतो आणि तो हाती येईपर्यंत पैसे बांधून घेऊ नयेत. रद्द करण्याची मुदत हॉटेलच्या घड्याळाने चालते. तिथले संध्याकाळचे सहा म्हणजे ठाण्यातले साडेतीन. ऑफिस सुटल्यावर बघू म्हणणाऱ्याचे पैसे इथेच जातात. आगमनाचे एसजी अरायव्हल कार्ड पोहोचण्याआधीच्या तीन दिवसांत सरकारी संकेतस्थळावर मोफत भरता येते. त्यासाठी पैसे मागणारी पाने बंद करावीत.

राहिली विमानतळावरची गाडी. साध्या टॅक्सीत चारच जण बसतात, तेव्हा पाच माणसे आणि सामान यांसाठी सहा आसनी टॅक्सी रांगेतल्या कर्मचाऱ्याकडे मागावी. मुलाची उंची १.२८ मीटर. तिथे १.३५ मीटरपेक्षा कमी उंचीच्या मुलाला गाडीत बूस्टर आसन लागते. टॅक्सीला यातून सूट आहे, ॲपवरून मागवलेल्या खासगी गाडीला नाही. आसनाशिवाय ॲपची गाडी मागवली तर चालक मुलाला बसवून घेत नाही, आणि तो नियमानेच वागत असतो. म्हणून जाताना-येताना दोन्ही वेळा टॅक्सी धरली, आणि मंगळवारची टॅक्सी हॉटेलच्या बेल डेस्ककडे सोमवारी रात्रीच सांगून ठेवायची असे आजींच्या औषधांच्या चिठ्ठीखाली लिहून ठेवले.